थीम पार्कच्या दिवशी बॅगेत काय? ठाणे-नवी मुंबईच्या घरांतले नेहमीचे प्रश्न

मी ठाण्यात मानपाड्याच्या बाजूला राहते. आमच्या सोसायटीतून वर्षाला एक तरी टोळी पार्कला जातेच. कधी सहा जणांची, एकदा तर एकतीस जणांची. पहिल्या खेपेला मी लग्नाला निघाल्यासारखं सामान बांधलं होतं. त्यातलं अर्धं दिवसभर गाडीच्या डिकीत शिजत पडलं आणि उरलेलं अर्धं मी खांद्यावर वागवलं. तेव्हापासून सामानाची चौकशी माझ्याकडेच येते. एप्रिल उजाडला की तेच प्रश्न, म्हणून एकदाची उत्तरं लिहून काढली.

हे सगळं नेमकं कोणत्या पार्कसाठी?

डोळ्यांसमोर मुख्यतः खोपोलीचं इमॅजिका आहे. पाली रस्त्यावरचं हे पार्क २०१३ साली सुरू झालं, शेजारचं वॉटर पार्क २०१४ मध्ये. आमच्या लहानपणी पार्क म्हणजे गोराईचं एस्सेलवर्ल्ड, तेही बोटीत बसून जायचं. आताच्या मुलांसाठी पार्क म्हणजे खोपोली. ठाण्यातून काय किंवा वाशी-नेरूळहून काय, पहाटे आवरून निघायचं आणि रात्री जेवणवेळ टळून गेल्यावर घरी यायचं, असा तो दिवस असतो. पूर्ण दिवसाचं सामान लागतं ते त्यासाठी.

घोडबंदर रस्त्याच्या बाजूची सूरज वॉटर पार्क आणि टिकुजिनीवाडी घरापासून जवळ आहेत, त्यामुळे तिथे प्रवासाचं सामान वजा करा, पाण्याचं तेवढंच ठेवा. नेरूळचं वंडर्स पार्क महापालिकेचं. सात आश्चर्यांच्या प्रतिकृती आणि मुलांची खेळणी बघायला संध्याकाळी दोन-तीन तास जायचं असतं. तिथे पाण्याची बाटली, रुमाल आणि मुलाचा एक जादा टी-शर्ट एवढ्यावर भागतं. उगाच सॅक घेऊ नका.

प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे आणि बदलणारे. आदल्या रात्री तिकिटं काढतानाच पार्कच्या संकेतस्थळावरचं नियमांचं पान वाचून घ्या. मुलांची उंची घरीच मोजा. बऱ्याच पार्कांत मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं आणि राइडवर सोडायचं की नाही तेही उंचीवरच.

चार माणसांना किती बॅगा लागतात?

तीन. पण तिन्ही उचलायच्या नाहीत.

पहिली गाडीतली. तिच्यात परतीचे कपडे, खाण्याचा डबा, जादा पाणी, जुनी चादर. ही आत जातच नाही. दुसरी लॉकरमधली. तिच्यात पोहण्याचे कपडे, टॉवेल, साबणाची पुडी, औषधं. ही गेटपासून लॉकरपर्यंत एकदा उचलायची आणि संध्याकाळी परत. तिसरी म्हणजे अंगावरची. तिला बॅग म्हणणंही जास्त होईल: कमरेचा पाउच किंवा गळ्यात अडकवायची छोटी पर्स.

दिवस बिघडतो तो या तिन्हींची एकच मोठी बॅग केल्याने. मग ती लॉकरमध्ये मावत नाही. मावली तरी सनस्क्रीन तिच्या तळाशी असतं आणि प्रत्येक वेळी कोणाला तरी उन्हातून लॉकरपर्यंत चालत जावं लागतं. लॉकर साधारण शाळेच्या दप्तराएवढे असतात असं धरून चाला. चाकांची बॅग तर नकोच.

पण मग राइडच्या वेळी सामान सांभाळतं कोण?

खरा प्रश्न हाच आहे आणि तो कोणी विचारत नाही. प्रत्येक टोळीत एक बाकडं असतं आणि त्या बाकड्यावर एक बाई असते. मांडीवर दोन सॅक, बाजूला चार जोड चपला, हातात तीन मोबाईल, डोक्यावर नातवाची टोपी. कधी ती आजी असते, बहुतेकदा आई असते. तिचंही तिकीट पूर्ण काढलेलं असतं.

पहिली दोन वर्षं ती बाई मीच होते. तिसऱ्या वर्षी मी एक साधा हिशेब सुरू केला: जी वस्तू लॉकरमध्ये ठेवता येत नाही आणि खिशातही मावत नाही, तिच्यासाठी कोणाला तरी बसावं लागणार. मग त्या वस्तूची खरंच एवढी गरज आहे का? मोठा कॅमेरा, चार जणांच्या चार वेगळ्या बाटल्या, घडी करून नेलेली चटई, खेळण्यांची पिशवी यांतलं बहुतेक सगळं या प्रश्नावर गळून पडतं. पुढची सगळी उत्तरं याच हिशेबाने दिली आहेत.

मोठ्या रोलर कोस्टरवर तसंही काही घेऊन बसू देत नाहीत. चष्मा, टोपी, मोबाईल, पायातल्या सैल चपला, सगळं बाहेर ठेवायला लावतात. इमॅजिकाच्या नायट्रोसारख्या राइडला तर पायांखाली जमीनच नसते, चप्पल सुटली की गेली. तिथे वस्तू ठेवायला खण असतात, पण खणात ठेवलेल्या मोबाईलवर भरवसा किती ठेवायचा ते तुम्ही ठरवा. आम्ही सगळे मोबाईल लॉकरमध्ये टाकतो आणि टोळीत एकच बाहेर ठेवतो. तोही पाळीपाळीने वेगवेगळ्या माणसाकडे.

घरचा डबा आत नेऊ देतात का?

मोठ्या, तिकीट असलेल्या पार्कांत सहसा नाही. गेटवर बॅग उघडून बघतात आणि डबा निघाला की बाजूला ठेवायला सांगतात. तान्ह्या बाळाचं खाणं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्याचं खाणं यांना बहुतेक ठिकाणी सवलत असते. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असलेली बरी.

माझ्या जाऊबाईंनी एकदा पहाटे चारला उठून पंचवीस मेथीचे पराठे केले होते. गेटवर ते अडले. तिथल्या मुलाशी वाद घालून उपयोग नव्हता. तो नियम त्याने केला नव्हता. शेवटी आम्ही दहा जण पार्किंगमध्ये गाडीच्या सावलीला उभे राहून सकाळी साडेनऊला पराठे खात होतो. आता आम्ही तेच ठरवून करतो. गेट उघडायच्या आधी अर्धा तास पोहोचायचं आणि डिकी उघडून भरपेट न्याहारी करायची. दुपारचं एक जेवण आत विकत घ्यायचं, ते महाग पडतं हे धरूनच चालायचं. संध्याकाळी बाहेर आलं की डब्याचा दुसरा भाग.

गाडीतल्या डब्यात काय टिकतं?

मे महिन्यात बंद गाडीची डिकी म्हणजे पेटता ओव्हन. तिथे सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत काय तग धरेल, याचा विचार करा. आमच्या आज्या कोल्हापूरला, पंढरपूरला जाताना दशम्या नेत त्या उगाच नाही. दुधात मळलेली दशमी मऊ राहते आणि सहज टिकते. धपाटे चालतात. शेंगदाण्याची कोरडी चटणी, तळलेल्या पुऱ्या, भडंग, चिवडा, बेसनाचे लाडू, गुळपापडी ही माणसं विश्वासाची.

दहीभात नको. ओल्या खोबऱ्याची चटणी नको. बटाट्याची भाजी सकाळच्या न्याहारीला खुशाल न्या, पण संध्याकाळसाठी ठेवू नका. मेयोनीज घातलेलं सँडविच तर अजिबातच नाही. अंडी उकडून नेलीत तर सकाळीच संपवा. केळी नेणारे दरवर्षी निघतात आणि दरवर्षी त्यांच्या पिशवीच्या तळाशी शिकरण तयार होतं.

ताटल्यांचं म्हणाल तर महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिक आणि थर्माकोलच्या एकदाच वापरायच्या ताटल्या, चमचे, पेले यांवर बंदी आहे. पत्रावळी घ्या, नाहीतर घरातल्या स्टीलच्या चार थाळ्या आणि एक ओलं फडकं. स्टीलच्या थाळीचा आवाज होतो एवढीच तक्रार.

पाणी किती न्यायचं? आत बाटली नेता येते का?

रिकामी किंवा साधं पाणी भरलेली बाटली बऱ्याच ठिकाणी चालते, पण नियमांच्या पानावर खात्री करून घ्या. काचेची बाटली कुठेच चालत नाही. आत पिण्याच्या पाण्याचे नळ कुठे आहेत ते नकाशावर आधी बघून ठेवा. दोघांत एक लिटरची एक बाटली पुरे, वारंवार भरायची. प्रत्येकाला वेगळी दिली की चारही अर्धवट भरलेल्या राहतात आणि बाकड्यावरच्या बाईकडे जमा होतात.

आपल्याकडचं ऊन नागपूरसारखं कोरडं नाही. पारा ३५ अंशांवरच असला तरी हवेत दमटपणा इतका असतो की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. वॉटर पार्कमध्ये आणखी फसगत होते: अंग ओलं असतं, म्हणून तहान लागल्याचं कळत नाही आणि घाम आलेला दिसत नाही. दुपारी तीनला मूल अचानक चिडचिड करायला लागतं, डोकं दुखतं म्हणतं. ते हट्ट करत नसतं, ते सुकलेलं असतं.

यासाठी ओआरएसची चार पाकिटं पाउचमध्ये ठेवा. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. अर्धं पाकीट पेल्यात टाकून घट्ट सरबत करून देऊ नका, प्रमाण बिघडलं की फायदा जातो. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र आहे ना ते वाचा. गोड पेयांच्या खोक्यांवर ओआरएस छापून विकलं जायचं, त्याला २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मनाई केली. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उरलं तर दुसऱ्या दिवशी ठेवायचं नाही. बरोबर कोकम सरबताचा किंवा पन्ह्याचा थर्मास गाडीत ठेवला तर संध्याकाळी लोक तुमच्या पाया पडतील.

वॉटर पार्कला घरचे जुने कपडे चालतात का?

नायलॉनचे, पॉलिस्टरचे असतील तर. सुती टी-शर्ट, बनियन, जीन्स चालत नाहीत आणि यात पार्कवाल्यांचा पोशाख खपवायचा डाव आहे असं आपल्याला वाटतं. थोडा असेलही. पण कारण खरं आहे. सुती कापड पाणी पितं, जड होतं, अंगावरून ओघळतं, त्याचे तंतू आणि रंग पाण्यात सुटतात आणि गाळण यंत्रात जाऊन बसतात. घसरगुंडीवर ते घसरतही नाही. मध्येच माणूस अडकतो आणि मागून दुसरा येऊन आदळतो. चेन, धातूची बटणं, रिव्हेट असलेले कपडेही नाकारतात, कारण घसरगुंडीच्या फायबरवर ओरखडे पडतात.

भाड्याने मिळतात, पण माप मिळेलच असं नाही आणि रांग मोठी असते. ठाणे स्टेशनाबाहेरच्या गल्ल्यांत किंवा वाशीच्या बाजारात चार-सहा वर्षं टिकणारा सूट मिळतो. बायकांसाठी लांब बाह्यांचा आणि गुडघ्याखालपर्यंतचा सूट असतो, तो घ्या. ऊनही लागत नाही आणि दिवसभर टॉवेल गुंडाळून फिरायची वेळ येत नाही. निघताना घरूनच आतून घालून निघालात तर कपडे बदलायची सकाळची रांग वाचते. मात्र परतीची अंतर्वस्त्रं बॅगेत टाकली का, हे निघायच्या आधी दोनदा तपासा. यावर मी जास्त बोलत नाही. आमच्याकडे हे एकदा झालं आहे.

लांब केस असतील तर टोपी आणि दोन जादा रबर बँड. गो-कार्ट असेल तर ओढणी आणि मोकळे केस नकोतच. मागच्या फिरत्या भागात अडकतात आणि जीवावर बेततं.

टॉवेल कुठला?

टर्किश टॉवेल घरी ठेवा. भिजला की दीड किलोचा होतो आणि पुन्हा वाळत नाही. त्याऐवजी पंचा. आजोबांच्या कपाटातला तोच लाल काठाचा. घडी तळहाताएवढी, पाणी चांगलं टिपतो, कुंपणावर टाकला की अर्ध्या तासात कोरडा. डोक्यावर घेता येतो, मूल झोपलं तर पांघरूण होतो, कपडे बदलताना आडोसा होतो. माणशी दोन पंचे घ्या.

सासूबाई साडीतच येणार म्हणतात. काय करू?

येऊ द्या. नऊवारी असो की पाचवारी, कोरड्या पार्कमध्ये साडी नेसून मजेत फिरता येतं, फक्त सुती घ्या आणि पदर खोचून पिन लावा. गोल फिरणाऱ्या, उंच जाणाऱ्या राइडवर साडी नको. घोड्यांच्या पाळण्यावर, आगगाडीत, चित्रपटासारख्या दालनांत चालते. वॉटर पार्कमध्ये साडीने पाण्यात उतरू देत नाहीत. पण सहसा काठावर पाय सोडून बसता येतं आणि निम्मी मजा त्यातच असते.

त्यांच्यासाठी तीन गोष्टी विसरू नका: रोजच्या गोळ्या, चष्म्याला दोरी आणि बसायला हलकी घडीची उशी किंवा शाल. दगडी कट्टा दुपारी तापतो. रक्तदाब, हृदयविकार, मणक्याचा त्रास, गुडघ्याची शस्त्रक्रिया असेल तर राइडच्या पाटीवर जे लिहिलंय ते पाळा; गरोदर सुनेलाही तेच. आणि त्यांना सामानाची राखणदार करू नका. ‘तुम्ही तर बसणारच आहात ना’ असं म्हणून चार बॅगा त्यांच्या पायाशी टाकल्या की त्यांना मुतारीलाही जाता येत नाही.

पायात काय घालावं?

दिवसभरात आठ-दहा किलोमीटर चालणं सहज होतं. नवे बूट घालू नका. मागे पट्टा असलेली रबरी सँडल सगळ्यांत बरी: भिजली तरी चालते, राइडवर सुटत नाही. अंगठ्याची स्लिपर ओल्या फरशीवर घसरते. मोजे आणि बूट घातलेत तर पाण्याच्या एका शिडकाव्यानंतर संध्याकाळपर्यंत पाय शिजतात. दोन बँडेजपट्ट्या आणि कैलास जीवनची छोटी ट्यूब पाउचमध्ये असू द्या. मांड्या घासून लाल झाल्यावर तिची किंमत कळते, विशेषतः ओल्या कपड्यात फिरणाऱ्या पुरुषांना.

सनस्क्रीन खरंच लागतं का? आम्ही कोकणातले, उन्हाची सवय आहे.

शेतावरचा माणूस दुपारी अकरा ते चार झाडाखाली बसतो. आपण त्याच वेळेत पाण्याच्या लाटांत उघडे उभे असतो. लागतं. एसपीएफ ३० किंवा अधिक, पाण्यात टिकणारं, उन्हात जायच्या पंधरा मिनिटं आधी. दर दोन तासांनी पुन्हा आणि पाण्यातून बाहेर आलं की पुन्हा. लोक सकाळी एकदा फासतात आणि रात्री ‘काही उपयोग नाही झाला’ म्हणतात. कान, मान, पावलांची वरची बाजू आणि टक्कल यांना विसरू नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला लावायचं नाही, सावलीत ठेवायचं.

मंगळसूत्र, अंगठ्या, कानातलं?

मोठ्या वाट्यांचं मंगळसूत्र घरी ठेवा. घसरगुंडीवरून येताना काळी पोत कशात अडकली तर तुटते, आणि लाटांच्या तलावात पडलेली सोन्याची वाटी परत मिळाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. बोटं थंड पाण्यात आकसतात, अंगठी आपोआप सुटते. गळा मोकळा ठेवायला मन घेत नसेल, तर साधा काळ्या मण्यांचा सर दोऱ्यात ओवून घाला. यावर आमच्याकडे एकदा दोन पिढ्यांची चर्चा झाली. शेवटी आजेसासूबाईच म्हणाल्या, ‘अगं, माझं मी कपाटात ठेवून आलेय.’

पैसे, गाडीची किल्ली, ओळखपत्र?

सगळीकडे यूपीआय चालतं, पण मोबाईल लॉकरमध्ये असतो तेव्हा भूक लागते. थोडी रोकड प्लास्टिकच्या झिपच्या पिशवीत घालून पाउचमध्ये ठेवा. लॉकरची अनामत, परतीचा चहा, रिक्षा, सगळ्याला तीच उपयोगी पडते. बटणाची किल्ली पाण्यात गेली तर गाडी उघडणार नाही. ती लॉकरमध्ये ठेवा आणि दुसरी किल्ली दुसऱ्या माणसाकडे द्या. निघण्याआधी फास्टॅगमधली शिल्लक बघा. ऐरोली, वाशी, मुलुंडच्या नाक्यांवर हलक्या गाड्यांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून टोल नाही, पण द्रुतगती मार्गाचा टोल आहेच.

लॉकरची किल्ली मनगटावर रबरी पट्ट्यात देतात. एका वर्षी ती लाटांमध्ये आमच्या भाच्याच्या मनगटावरून निघाली. अनामत तर गेलीच, वर सहा ओली माणसं तासभर ऑफिसबाहेर उभी. तेव्हापासून मी सेफ्टी पिनांचं कार्ड नेते. पट्टा कपड्याला आतून पिन करायचा.

विद्यार्थी किंवा ज्येष्ठांची सवलत घेतली असेल तर मूळ ओळखपत्र हवं, मोबाईलमधला फोटो दाखवून दरवेळी चालत नाही.

मोबाईलच्या पाण्याच्या पिशवीबद्दल एकच: घरी तिच्यात कागदी रुमाल घालून बादलीत अर्धा तास बुडवून बघा. रुमाल ओला झाला तर पिशवी फेका. ‘माझा फोन वॉटरप्रूफ आहे’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की ती चाचणी साध्या, स्थिर पाण्यातली असते. क्लोरीनच्या पाण्यातून दहा मीटर घसरत येण्याची नसते.

सोबत लहान बाळ आहे.

पाण्यासाठीचे वेगळे डायपर मिळतात, तेच घ्या. साधं डायपर पाण्यात फुगून भोपळ्याएवढं होतं आणि फुटतं. कपड्यांचे तीन जोड, घडी होणारी बाबागाडी आणि एक सुती दुपटं. बाबागाडी हे खरं तर चाकांवरचं लॉकर आहे. मूल पाच मिनिटं बसतं, सामान दिवसभर.

चालत्या मुलाच्या हातावर बॉलपेनने आईवडिलांचा मोबाईल नंबर लिहा आणि वर पारदर्शक बँडेजपट्टी लावा, म्हणजे पाण्याने जात नाही. टोळीतल्या सगळ्या मुलांना एकाच भडक रंगाचे टी-शर्ट घाला. नारंगी चांगला दिसतो. निळा नको, पाण्यात हरवतो.

गाडी लागते, राइडवरही मळमळतं. काय ठेवू?

आलेपाकाच्या वड्या, आवळा सुपारी, लिमलेटच्या गोळ्या. गाडी लागण्याच्या गोळीचा उपयोग निघायच्या आधी घेतली तरच होतो, उलटी सुरू झाल्यावर नाही. तिने झोपही येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने घेऊ नये आणि मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. रिकाम्या पोटी कोस्टरवर बसू नका, तुडुंब पोटीही नको. दोन-चार कागदी पिशव्या गाडीच्या खिशात असू द्या.

पाळी आली तर जायचं की नाही?

जायचं. कोरड्या पार्कमध्ये काहीच अडचण नाही. पाण्यात उतरायचं तर कप किंवा टॅम्पॉन. पॅड पाणी शोषून निकामी होतो. मात्र कप पहिल्यांदा वापरायचा प्रयोग त्याच दिवशी करू नका, महिनाभर आधी सवय करा. गडद रंगाचा सूट, जादा पॅड आणि वर्तमानपत्राचे कागद लॉकरच्या बॅगेत ठेवा. मुलीला आधीच सांगा की तुझा पाउच वेगळा आहे, कोणाला विचारावं लागणार नाही.

पावसाळ्यात गेलं तर?

खोपोली घाटाच्या पायथ्याशी आहे. पाऊस ठाण्याहून जोरात पडतो. गर्दी कमी असते, डोंगर हिरवे असतात, पण विजा चमकल्या किंवा जोर वाढला की बाहेरच्या राइड थांबवतात. छत्री नको. रांगेत दुसऱ्याच्या डोळ्यात जाते आणि राइडवर नेता येत नाही, मग पुन्हा ते बाकडं आलं. प्रत्येकाला रेनकोट आणि कोरड्या कपड्यांचा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. पाण्यातल्या मुलांना पावसात थंडी वाजते, म्हणून एक स्वेटरही.

गाडी नाही. लोकलने किंवा एसटीने गेलं तर सामान कसं?

निम्मं करा. खोपोली लोकल कर्जतनंतर पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी करत शेवटी खोपोलीला पोहोचते. गाड्या मोजक्या आहेत, परतीची वेळ आधी लिहून ठेवा. वाशी-नेरूळवाल्यांना ट्रान्स हार्बरने ठाण्याला येऊन बदलावं लागतं. त्यापेक्षा पनवेलहून एसटी सोयीची. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं आणि पंचाहत्तरीनंतर मोफत. त्यासाठी आधार कार्ड हाताशी ठेवा.

गाडीची डिकी नसल्याने पहिली बॅगच बाद होते. डबा जाताना संपवता येईल एवढाच. परतीचे कपडे आणि पंचे एका सॅकमध्ये, ती थेट लॉकरमध्ये. बस्स.

ट्रायपॉड, ड्रोन, सेल्फी स्टिक?

नको. बहुतेक गेटवरच अडवतात.

पॉवर बँक?

एक. टोळीत एकच, आणि वायर विसरू नका.

परतीसाठी काय राखून ठेवावं?

डिकीत सगळ्यांत वर, हात घातला की सापडेल असं: प्रत्येकाचा पूर्ण कोरडा जोड, कंगवा, खोबरेल तेलाची छोटी बाटली, जुनी चादर आणि रद्दी. क्लोरीनच्या पाण्याने केस झाडूसारखे होतात. आंघोळ करूनच निघा आणि केसांना तेलाचा हात फिरवा. रद्दी सीटवर पसरा, वर चादर, मग मुलं.

ओल्या कपड्यांसाठी जाड प्लास्टिकची मोठी पिशवी न्या. बाजारहाटाची नायलॉनची पिशवी गळते. पोहण्याचे कपडे तिथेच साध्या पाण्यात पिळून घ्या. आणि कितीही वाजले, कितीही झोप आली, तरी ती पिशवी त्याच रात्री डिकीतून वर आणा. आमची एका रविवारी खाली राहिली. गुरुवारी वॉचमनने फोन करून विचारलं, तुमच्या गाडीत काही मेलंय का.